धुराचा सोमवार

सोमवार, १३ फेब्रुवारी १९८९.
सकाळी दव फार. माडांना पाणी लावले. सत्यवतीचा ताप उतरलेला नाही. विमलाने तिला धरून आणले आणि माझ्या पडवीत निजवले. विमला दर सोमवारी येतेच, आज सासू सत्यवतीही आली. पोस्टमन आला नाही. दहानंतर खाली वाडीत दाजीच्या छपरातून धूर निघू लागला. घरात बाई कोणी नाही. मग चुलीपुढे कोण?

एवढे लिहिले आणि वाटले, माझ्यामागे ही डायरी कोणी उघडलीच तर त्याला या नोंदीचा काही अर्थ लागणार नाही. माडाच्या झापांनी शाकारलेल्या घरातून धूर निघाला, त्यात लिहून ठेवण्यासारखे काय? म्हणून सत्यवतीबद्दल सविस्तर लिहिते. ज्या बाईने आमच्या खालच्या वाडीतला धूर घालवला, तिनेच तो आठवड्यातून एक दिवस परत आणला. तिला त्यातून काय मिळाले, हे मला नीटसे सांगता येणार नाही. गुडघे गेले, एवढे खरे. पण ते आधीपासूनच जात होते.

सत्यवती मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या घरातली. नवरा विठोबा होडीचा प्रमुख, तांडेल होता, तो काविळीने गेला. मुलगा दाजी तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचा. तेव्हापासून तिने मासळीची पाटी डोक्यावर घेतली. किनाऱ्यावरून वर आमच्या वाडीपर्यंत चढ आहे. माझ्या मागल्या दारी ती टेकायची तेव्हा पाटी उतरवण्याआधी एकच शब्द बोलायची, “दमलंय.” मी पाणी द्यायची. मासळी घेवो न घेवो, पाणी ठरलेले.

तिची आई शेवटची काही वर्षे आंधळी होती. सत्यवतीचे म्हणणे, चुलीपुढे बसून बसून गेले डोळे. डॉक्टर काय म्हणाला असता कोण जाणे, कारण डॉक्टरला दाखवलेच नाही. आपलेही तसेच होणार असे ती धरून चालली होती. त्यात तिला विशेष दुःखही दिसत नसे. पाऊस येणार, तसे डोळे जाणार.

पण मग दाजीचे लग्न झाले आणि विमला घरात आली. वेंगुर्ल्याकडची, अंगाने बारीक, हसरी पोर. तिला धाप होती. लग्न ठरवताना कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. पहिल्या पावसाळ्यात ओली लाकडे पेटवायला बसली की चुलीपासून सरपटत दारापर्यंत यायची आणि उंबऱ्यावर तोंड उघडे टाकून श्वास ओढायची. शेजारणी म्हणत, नाटक करते. सत्यवती तसे म्हणाली नाही. तिने स्वतः चुलीपुढे बसायला सुरुवात केली. पण सकाळी ती पाटी घेऊन बाहेर असायची, आणि पेज काही कोणाची वाट बघत नाही.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत तालुक्याला सरकारी योजनेतून निर्धूर चुलीचे शिबिर झाले. सत्यवती गेली. का गेलीस म्हणून विचारले तर म्हणाली, “माई, म्हटलां, बसान करूचा काम आसा.” पाटी वाहून गुडघे धरले होते, त्यामुळे बसून करायचे कुठलेही काम तिला देवाने दिल्यासारखे वाटले असते. विमलाचे नाव तिने घेतले नाही.

पहिली चूल तिने माझ्या स्वयंपाकघरात घातली. वारुळाची माती, भाताचे तूस, शेण. दोन तोंडांची चूल, मधून बोगदा, मागे मातीचा नळ उभा करून कौलांतून बाहेर काढलेला. पुढच्या तोंडावर भात, मागच्यावर आमटी, आणि जाळ एकच. पहिल्या दिवशी तिने तीन वेळा मोडून परत घातली. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, तोंडाने स्वतःलाच शिव्या. वाळल्यावर पेटवली, तेव्हा आम्ही दोघी वर बघत बसलो. धूर घरात आलाच नाही. बाहेर जाऊन पाहिले, तर कौलांवरच्या नळातून शहाण्या मुलासारखा सरळ वर जात होता. लाकूड निम्म्यावर आले. मी स्वयंपाकघरात बसून वाचू लागले, जे लग्न होऊन या घरात आल्यापासून कधी जमले नव्हते.

खालच्या वाडीतल्या बायका बघायला आल्या. विमलाही आली. ती चुलीच्या अगदी जवळ बसली, मोठा श्वास घेतला, आणि सासूकडे बघून नुसती हसली. त्यानंतर दुसरी चूल कुठे घातली गेली, हे सांगायला नको.

सत्यवतीने पाटी सोडली. चुली घालणे हाच तिचा धंदा झाला. योजनेतून नळ मिळत, ते कसालच्या रस्त्यावरचा परशुराम कुंभार करून द्यायचा. माती ज्या त्या घरच्या बाईने आणायची, मळायची सत्यवतीने. मोबदला म्हणून कोणी सुकट देई, कोणी नारळ, आणि ज्यांच्याकडे काहीच नसे त्या तिच्या घरासाठी झाप विणून देत. चूल घातली की काम संपले असे ती मानत नसे. आठवड्याने परत जायची, नळात हात घालून काजळी काढायची आणि घरच्या बाईला दाखवायची, “ही बग, ही तुझ्या छातीत जातली होती.” डोंगरावर लाकडाला जाणाऱ्या बायका आता एकाआड एक दिवस जाऊ लागल्या. जो दिवस वाचला त्या दिवशी त्यांनी काय केले असेल? दुसरे काम. पण ते तरी सावलीत.

हे सारे पावसाळ्यापर्यंत.

माझे घर कौलारू आहे. खालच्या वाडीतली घरे झापांची. माडाच्या झावळ्या विणून केलेले झाप वाशांवर घालायचे, वर गवत. ती छपरे आतून काळीकुळकुळीत असतात, हे आम्ही सगळ्यांनी जन्मभर पाहिले होते. पण छपराला तो काळा रंग कशासाठी हवा असतो, हे ना शिबिरात कोणी सांगितले, ना सत्यवतीला सुचले. कौलांना धूर लागत नाही. झापांना लागतो. रोजच्या धुराने झापात किडा धरत नाही, वाशाला भुंगा लागत नाही. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या माचीवर पावसाळ्यासाठी ठेवलेले बांगडे त्याच धुरावर टिकतात. बिनधुराचे पहिलेच आषाढ-श्रावण आले, आणि वाडीतली छपरे आतून भुसा होऊन गळू लागली. माचीवरच्या मासळीला पांढरी बुरशी चढली.

पहिली चूल हौसाबाईने मोडली. हौसाबाई वाडीतली सर्वांत वडील बाई, आणि जीभ तिची मासे कापायच्या कोयत्यासारखी. गणपतीच्या आधी ती माझ्या दारात येऊन मोठ्याने सांगून गेली, मला नव्हे, माझ्या पडवीत बसलेल्या सत्यवतीला.

“पेजेत किडो पडलो माझ्या घोवाच्या. बगल्यान, आणि काय एक ना बोलता उठान गेलो. चाळीस वर्सां झाली लग्नाक, तो माझ्यार इतको गप कधी रवलो नाय. मी लोखंडाची पार घेतलंय आणि मोडून टाकलंय तुझी चूल. माका तीन दगड बरे.”

“माका बोलवचा होता,” सत्यवती म्हणाली.

“कशाक? किडो धरूक?”

मग एकेकीने मोडली. कोणी भांडून, कोणी नजर चुकवून. सत्यवती प्रत्येक घरी गेली. भांडली नाही. नळांची फुटकी खापरे गोळा केली, पाटीत भरली आणि घरामागे नीट रचून ठेवली. मी विचारले, ही कशाला? म्हणाली, “माती आसा माई. भाजलेली आसा. टाकून कशी देतलंय?” त्यात तिने पुढचे काही ठरवले होते असे मला वाटत नाही. तिला फक्त टाकवत नव्हते.

दसऱ्यापर्यंत दोनच चुली उरल्या. एक माझी, एक विमलाची. आणि विमलाच्या चुलीवरचे छप्परही कोपऱ्यातून बसत आले होते. दाजी वाईट मुलगा नाही. पण छप्पर घालायला लागते ते त्याला, आणि होडीवरून परत आल्यावर वर बसून झाप बदलायची त्याची ताकद नसते. तो आईला म्हणाला, “आये, गावपळणीसून परत इलंव काय ही चूल मी मोडतलंय. पुढचो पावस मी असो काढूचो नाय.”

“आणि विमला?”

“सगळ्या बायका धुरात जेवण करतत.”

सत्यवती हे मला सांगायला आली तेव्हा पाणीही न मागता बसली. “परत पाटी घेतलंय तर,” म्हणाली, “माका चढ चढूक जमात काय, माई?” दोघींनाही उत्तर ठाऊक होते. तिला पाटीपेक्षा विमलाची काळजी होती, हेही ठाऊक होते. मी फक्त चहा ठेवला. माझ्या धूर नसलेल्या चुलीवर.

आमच्या गावाची गावपळण त्या वर्षी मार्गशीर्षात पडली. बाहेरच्या माणसाला सांगावे लागते, म्हणून सांगते. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाचा, रामेश्वराचा, कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी राहत नाही. घरे बंद, चुली थंड. मग परत कौल, आणि देवाने हो म्हटले की परत. या वयात मीही गेले. श्रीपाद, माझे यजमान, असते तर म्हणाले असते की तू कॉन्व्हेंटात शिकलीस आणि राहुटीत झोपतेस; आणि मग स्वतःच माझ्यासाठी गादी उचलली असती.

वेशीबाहेरच्या मळ्यात झापांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. माझी झोपडी खालच्या वाडीच्या बायकांशेजारी पडली. एरवी ज्या बायकांची दारे एकमेकींना पाठमोरी, त्या आता एका ओळीत तीन दगड मांडून शेजारी शेजारी भात शिजवत होत्या. उघड्यावर असूनही सकाळचा धूर वर जाईना, थंडीत मळ्यावरच पसरून राहिला. सगळ्यांचे डोळे वाहत होते.

विमलाने जवळजवळ वर्षभर धूर घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दगडांपुढून उठली आणि चार पावले गेल्यावर गुडघ्यांवर खाली बसली. तोंड उघडे, ओठ काळेनिळे. दाजी कोंबड्यांचा पिंजरा दुरुस्त करत होता, तो धावत आला. त्याने सूप घेतले आणि तिच्या तोंडावर वारा घालू लागला, जणू तो जोरात घातला तर हवा आत जाईल. विमला हाताने त्याला थांबवत होती, तो थांबत नव्हता. बऱ्याच वेळाने तिला श्वास आला. दाजी सूप मात्र हलवतच होता. सत्यवतीनेच ते काढून घेतले.

मग हौसाबाई बोलली. ती बोलणार नाही असे होणारच नव्हते.

“सत्यवती, सून तुझी राजाची राणी झाली गो. वरसभर धूर नाय, आता सोसणा नाय.”

“तुझ्या डोळ्यांतसून पाणी गळता तां कसला?” सत्यवती म्हणाली. “आनंदाचा?”

बायका हसल्या. हौसाबाईने पदराने डोळे पुसले आणि आणखीच चिडली.

“माझे डोळे गेले तरी चलात. माझां छप्पर रवाक होया. तुझी चूल सगळो धूर भायर उडयता. आमका सगळो नको गो, पण वायच होयो. तिका सांग, सोमवार धर म्हणान! आमी सोमवारी मासो तोंडात घालणव नाय. तसा तिणा एक दिस धूर भायर टाकूचो नाय. उपास धरूक सांग चुलीक!”

आता सगळीच ओळ हसू लागली. माझ्या झोपडीतून मीही. सत्यवती हसली नाही. तिच्या हातात भात ढवळायचा डाव होता, तो तसाच धरून ती हौसाबाईकडे बघत राहिली.

“एक दिस पुरात?”

“काय?”

“छपराक. आठवड्यात एक दिस धूर दिलो तर पुरात काय?”

हौसाबाईने टोमणा मारला होता, तिला उत्तर द्यायचे नव्हते. पण पलीकडच्या दगडांवरून कोणीतरी म्हणाली, माझ्या माहेरच्या गोठ्यात फक्त आयतवारी धूर घालतात, तिथल्या वाशाला अजून भुंगा नाही. दुसरी म्हणाली, गोठ्याचे वेगळे, गोठ्यात भिंती उघड्या. तिसरी म्हणाली, सोमवारी नुसती पेज शिजते, एवढ्याशा धुराने काय होणार, नारळाची सोडणे, ती वरची तंतूंची साले, घालायला लागतील, त्यांचा धूर जाड. हौसाबाई म्हणाली, सोडणां ओली घाल, सुकी कशाक घालतंस, अक्कल नाय? आणि एवढे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आले की आपण मदत करत आहोत, तेव्हा ती भात बघायला वळली.

तिसऱ्या दिवसानंतर देवाने कौल दिला आणि आम्ही परत आलो. दाजीने चूल मोडायला पहार हातात घेतलीच नाही असे नाही. घेतली होती. पण दारातून आत आला तर आई नळाच्या बुडाशी वाकून बसली होती आणि विळीने तिथल्या लिंपलेल्या मातीत आडवी फट कापत होती. घरामागच्या ढिगातले एक खापर तिने घासून घासून चपटे केले होते. ते फटीत सरकवले की नळ बंद. चूल पेटवली की धूर मग मागे न जाता पुढच्या तोंडातून घरात, घरातून माचीवर, माचीवरून छपरात.

“सोमवारी घालूचा,” ती त्याला म्हणाली. “एरवी काढूचा. सोमवारी विमला हय नसतली. माईंकडे जातली. चुलीर मी बसतलंय.”

“तुझे डोळे?”

“माझे डोळे माझे आसत.”

दाजीने नळाच्या बुडातली फट वाकून पाहिली. म्हणाला, “एक पावस बगतंय,” आणि पहार कोपऱ्यात टेकवली. ती पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्याच कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशी टेकलेली होती. विमला केर काढताना तिच्याभोवतीने काढायची.

त्या वेळेपासून विमला सोमवारी माझ्याकडे येते. माझे दळण करते, तांदूळ निवडते, आणि खाली न बघता बसते. मी बघते. दहाच्या सुमारास दाजीच्या छपराच्या प्रत्येक भोकातून निळा धूर झिरपू लागतो, जणू घरच घामाघूम झाले आहे. त्या धुराच्या आत सत्यवती असते. दुपारी ती बाहेर येऊन माडाखाली बसते आणि तोंड धुते. मग परत आत.

तो पावसाळा छप्पर टिकले. पूर्वीसारखे नव्हे. कोपऱ्यातले काही झाप बदलावे लागले, बांगडे थोडे मऊ पडले. पण पेजेत काही पडले नाही. पुढच्या थंडीत हौसाबाईने तिला बोलावून घेतले. “माझी परत घाल,” म्हणाली, “पण खापर माझां मोठां होया. माका तुझ्यासारखो पातळ धूर चलाचो नाय.” हौसाबाईची झाली म्हटल्यावर बाकीच्यांना अडचण उरली नाही. फुटक्या नळांचा ढीग हळूहळू कमी झाला. एकेक खापर एकेका चुलीत परत गेले.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. सत्त्याऐंशीत योजनेचे साहेब चुली बघायला आले. ते नेमके सोमवारी आले. वाडीच्या सगळ्या छपरांतून धूर निघत होता. साहेब तरुण होते, सभ्य होते, बूट काढून आत आले आणि खोकत बाहेर गेले.

“ही चूल निर्धूर नाही, बाई.”

सत्यवतीने पदर सावरला आणि कचेरीतली भाषा काढली. “साहेब, सहा दिवस निर्धूर आहे.”

“योजनेत असं काही नाही. नळ बंद करायची सोय ठेवायची नसते. मी ही चूल दाखवू शकत नाही.”

“आणि छप्पर?”

“छप्पर योजनेत नाही.”

तिची भाषा परत घरची झाली. “मगे माणसां रवतत ती खंय, तुमच्या योजनेत?” साहेब हसले आणि बूट घालू लागले. त्यांचा राग येत नाही मला. त्यांनाही वर कोणाला तरी सांगावे लागत असेल.

योजनेतून नळ येणे बंद झाले. परशुरामला आता नळाच्या बदल्यात भात द्यावा लागतो, आणि तोही म्हातारा झाला आहे. सत्यवतीने दोन मुलींना काम शिकवले होते. एक लग्न होऊन आचऱ्याला गेली. ती तिथे चुली घालते असे ऐकले, खरे-खोटे देव जाणे. दुसरीने मासळीची पाटी घेतली, त्यात लवकर हातात काही येते. सत्यवती एकटी उरली. माती मळताना मधेच थांबते. “दमलंय,” म्हणते, आणि परत मळते. मी म्हणते, पुरे आता. ती म्हणते, हौसाबाईच्या धाकट्या सुनेची राहिली आहे, तिला दिवस गेलेत, तिला धूर नको. कोणाची तरी राहिलेलीच असते.

मागे मुंबईहून आलेल्या माझ्या भाचीने विचारले, एवढ्याने डोंगर वाचला का? मी तिला डोंगर दाखवला. कुठे हिरवा आहे, कुठे बोडका. जिथे हिरवा आहे तो सत्यवतीमुळे, असे मला म्हणता येत नाही. मोळ्या लहान झाल्या, एवढे मी पडवीतून रोज पाहते. विमला अजून चालते-फिरते, हसते, हेही पाहते. यापलीकडचे मोजायला मी बसलेली नाही.

तर आजचा सोमवार. विमला नेहमीसारखी धुराकडे पाठ करून तांदूळ निवडत होती. सत्यवती ताप अंगात घेऊन आडवी होती, पण डोळे उघडे. डोळे म्हणजे आता काय, दोन लाल कडा. दहानंतर मी म्हटले, “खाली धूर निघतोय.” ती कोपरावर उठली.

“कोण बसलो चुलीर?”

विमला तांदळांतून नजर न काढता म्हणाली, “ते.” आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, आणि घरात दुसरे पुरुषमाणूस नाही. सत्यवतीने मान लांब करून पाहिले. तिला धूर किती दिसला ते मला ठाऊक नाही. पण वास आला असावा.

“रानातली ओली लाकडां घातल्यान,” ती म्हणाली. “सोडणां घालूक सांगलेलंय. पिवळो धूर निघता काय, माई?”

“पिवळाच आहे.”

“गाढव,” ती म्हणाली आणि परत आडवी झाली. पण झोपली नाही. धूर थांबेपर्यंत दर थोड्या वेळाने विचारत होती, आता कसो आसा? मी सांगत होते. दुपारी तो निळा झाला, म्हणजे दाजीला सोडणे सापडली असावीत.

तीनच्या सुमारास दाजी चढ चढून आला. फडक्यात गुंडाळलेले पातेले हातात, डोळे हौसाबाईपेक्षा लाल, मिशीवर राख. विमलाने त्याच्याकडे पाहिले आणि तोंडात पदर कोंबला.

“हसा,” तो म्हणाला. “माका काय.” पातेले ठेवले आणि पायरीवर आईच्या पायांशी बसला. खूप खोकला. मग खाली बघून म्हणाला, “आये, दर सोमवारी ह्यां तू करतंस?”

“मगे कोण करता? रामेश्वर?”

विमलाने त्याला पाणी दिले. तो अर्धे प्यायला, अर्ध्याने डोळे धुतले. आई त्याच्याकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती, माझ्या कौलांकडे, ज्यांना काहीच लागत नाही.

“पुढच्या सोमवारी सोडणां आधी घाल,” ती म्हणाली.

“घालतंय,” दाजी म्हणाला.

संध्याकाळी त्याने आईला पाठीवर घेऊन खाली नेले. ती नको नको म्हणत होती, पण फार जोर नव्हता.

रात्री दिवाबत्तीनंतर आजची नोंद पुरी केली: दाजीने आणलेली पेज जेवले. बुडाला लागली होती. पातेले राखेने घासून पालथे घातले आहे, उद्या विमलाकडे परत द्यायचे.